शब्दमोजणीची एकके : तारेपासून टोकनपर्यंत

भाषिक व्यवहारावर आकार बसविताना तो कोणत्या एककाने मोजावा, हा प्रश्न वरकरणी हिशेबनिसाचा वाटतो; वस्तुतः तो भाषाशास्त्राचाही आहे. भारतात १८५५ साली तारायंत्र सर्वसामान्यांस खुले झाले. २०१३ च्या जुलैत सेवा बंद होईपर्यंत तारेचा आकार शब्दसंख्येवर ठरत असे. हे एकक मराठीस प्रतिकूल नव्हते. हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा हे ग्रामनाम घेतल्यास, ‘डोंगरकड्याहून’ हा मराठीत एकच शब्द होय. इंग्रजीत त्यासाठी दोन शब्द लागतात. शुभेच्छांच्या तारांत तर ठरावीक वाक्यांना क्रमांकच दिलेले होते. एका क्रमांकात सबंध वाक्य जाई.

कृत्रिम बुद्धिमत्तेची आजची भाषाप्रारूपेही मजकुराचे तुकडे पाडून प्रत्येकास क्रमांक देतात. या तुकड्यास टोकन म्हणतात. व्यापारी संगणकप्रणालींत दिलेल्या व मिळालेल्या अशा दोन्ही मजकुरांवर टोकनांच्या संख्येने आकार पडतो. मिळालेल्या मजकुराचा दर बहुधा अधिक असतो. तुकडे पाडण्याच्या रूढ पद्धतीचे मूळ फिलिप गेज यांनी १९९४ साली मांडलेल्या माहितीसंक्षेपाच्या रीतीत आहे. २०१६ साली सेनरिख, हॅडो व बर्च यांनी ती यंत्रानुवादासाठी योजिली. वारंवार शेजारी येणारी चिन्हे जोडून तीत मोठे तुकडे घडविले जातात. अर्थात ज्या भाषेचा मजकूर विपुल, तिचे शब्द सबंध राहतात. इतर भाषांच्या शब्दांचा चुरा होतो.

त्यात लिपीच्या संकेतनाची भर पडते. यूटीएफ-८ पद्धतीत ‘डोंगरकडा’ या नावाची आठ चिन्हे प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण २४ बाइट व्यापतात. रोमन लिपीतील त्याच नावास १० पुरतात. मराठी वाचकास दिसणारे ‘डोंगर’ आणि ‘कडा’ हे घटक यंत्रास दिसतीलच असे नाही.

मे २०२४ मध्ये ओपनएआय या संस्थेने नव्या प्रारूपासोबत दिलेले आकडे या दृष्टीने उद्बोधक आहेत. एकाच आशयाच्या नमुना-मजकुरास मराठीत पूर्वी ९६ टोकने लागत, ती ३३ झाली. इंग्रजीत २७ ची २४ झाली. म्हणजे मराठीचा भार इंग्रजीच्या साडेतीन पटींहून सुमारे १.४ पटींवर आला. या अवधीत मराठी बदलली नाही. क्रमांकांची यादी सुमारे एक लाखावरून दोन लाखांवर गेली, एवढेच. पूर्वीचा अधिक आकार हा मराठीच्या शब्दबहुलतेचा दोष नव्हता, हे यावरून सिद्ध होते.

सूचनांची पुनरुक्ती टाळणे, आवश्यक तेवढाच मजकूर पाठविणे, उत्तराची मर्यादा ठरविणे हे काटकसरीचे उपाय उचितच होत. तथापि त्यांनी भाषाभाषांतील ही विषमता नाहीशी होत नाही. म्हणून खर्चाचा अंदाज इंग्रजी नमुन्यावरून न बांधता प्रत्यक्ष मराठी मजकुरावरून बांधणे अवश्य ठरते. ग्राहकास इंग्रजीत लिहावयास लावल्यास देयक कमी होईल. परंतु तो भार नाहीसा न होता ग्राहकाच्या माथी जाईल.