त्वचापरीक्षा, सर्वांगीण
रुग्णाने दाखविलेल्या भागापुरते न थांबता डोक्यापासून तळपायापर्यंत सर्व त्वचेची पद्धतशीर पाहणी करणे, म्हणजे सर्वांगीण त्वचापरीक्षा होय. इतर त्वचारोगांतही ती उपयुक्त असली, तरी भारतात तिचा इतिहास मुख्यत्वे कुष्ठरोगाशी निगडित आहे. या रोगाचा चट्टा बहुधा खाजत वा दुखत नाही. तो पाठीवर किंवा नितंबावर असल्यास रुग्णालाही त्याची जाणीव नसते.

कुष्ठाच्या वर्णनात त्वचेच्या बधिरतेचा उल्लेख सुश्रुतसंहितेत आढळतो. नॉर्वेतील बर्गेन येथे गेरहार्ड आर्मौअर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा सूक्ष्मजंतू शोधून काढला. तथापि सौम्य प्रकारात त्वचेच्या लेपात जंतू सहसा दिसत नाहीत. त्यामुळे निदानाची भिस्त दृष्टी व स्पर्श यांवरच राहिली.

वर्धा येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने डॉ. रा. वि. वार्डेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री अंगीकारली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते घरोघर जाऊन तपासणी करू लागले. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमातही सर्वेक्षणाला महत्त्व मिळाले.

परीक्षा पुरेशा सूर्यप्रकाशात व एकांतात करतात. फिकट अथवा लालसर चट्ट्यांची संवेदना कापसाच्या टोकाने तपासतात. कोपर, गुडघा व घोटा यांजवळील तंत्रिका जाड झाल्या आहेत का, हे चाचपून पाहतात. स्त्रियांच्या तपासणीसाठी स्त्री-कार्यकर्ती आवश्यक ठरते; संकोचामुळे झाकलेला भाग पाहावयाचा राहिल्यास रोगही लपून राहतो.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुऔषधी उपचारांची शिफारस केल्यावर या परीक्षेला नवे महत्त्व आले. पुढे उपचारांसाठी चट्ट्यांची संख्या हाच प्रमुख निकष ठरला : पाचपर्यंत चट्टे असल्यास सहा महिने, त्यांहून अधिक असल्यास बारा महिने औषधे देण्याची पद्धत रूढ झाली. म्हणून पाठीवरील चट्टे मोजावयाचे राहिल्यास रुग्णाला अपुरे उपचार मिळण्याचा धोका असतो.

२००५ च्या अखेरीस भारतातील कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकाहून कमी झाले; तथापि नवे रुग्ण आढळतच राहिल्याने २०१६ पासून घरोघरच्या शोधमोहिमा राबविण्यात आल्या. तंत्रिकांची हानी होऊन गेल्यावर औषधांनी जंतू मरतात; परंतु आलेली विकृती बहुधा कायम राहते. ती टाळण्याचे साधे व अल्पखर्ची साधन म्हणून सर्वांगीण परीक्षेचे मोल टिकून आहे.