सोयगाव परिसरातील ऐतिहासिक दळणवळणमार्ग

महाराष्ट्र राज्याच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यातून व त्याच्या सीमेलगत जाणारे जुने घाटमार्ग, त्यांवरील सराया व किल्ले आणि विसाव्या शतकातील अरुंदमापी लोहमार्ग. दख्खनचे पठार व तापीचे खोरे यांना जोडणाऱ्या या वाटांवरून सु. दोन हजार वर्षे व्यापारी, भिक्षू, सैन्ये व यात्रेकरू यांची ये-जा होत आली. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात असून त्यांच्या निर्मितीमागे या मार्गांचा मोठा वाटा आहे. लेण्यांना जागतिक वारशाचे स्थान लाभले. ज्या मार्गांमुळे ती घडली, त्यांच्या जतनाचा विचार मात्र अलीकडेच सुरू झाला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी : सोयगाव हे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसले आहे. प्रशासकीय दृष्ट्या ते मराठवाड्यात मोडत असले, तरी त्याचा उतार व पाणलोट तापीकडे असून नित्याचा व्यवहार खानदेशाशी आहे. रांग ओलांडण्यास सोईच्या खिंडी थोड्याच. त्यांपैकी अजिंठा गावाकडून फर्दापूरला उतरणारा अजिंठा घाट व उंडणगावकडून हळद्यावरून सोयगावला उतरणारा हळदा घाट हे दोन विशेष महत्त्वाचे होत. हळदा घाटावर वेताळवाडीचा किल्ला पहारा देतो. तेथून दोन्ही बाजूंची वाट नजरेच्या टप्प्यात येते. किल्ल्याची जागा खिंडीसाठीच निवडलेली आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

प्राचीन काळ : सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान (पैठण) येथून उत्तरेकडे जाणारा व्यापारी मार्ग भोगवर्धन (भोकरदन) येथून अजिंठ्याच्या रांगेकडे जाई व पुढे तापी-नर्मदा ओलांडून माळव्यात उतरे. सांची व भारहूत येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आढळतो. भोकरदन येथील उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे. यावरून या मार्गाची व्याप्ती ध्यानात येते. इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून इ. स. पाचव्या शतकापर्यंत दोन टप्प्यांत खोदली गेलेली अजिंठ्याची लेणी एकांतात असली, तरी वाटेपासून दूर नव्हती. भिक्षूंना वर्षावासासाठी निवारा व भिक्षेसाठी वस्ती, तर व्यापाऱ्यांना विश्रांती व पुण्यसंचय, अशी उभयपक्षी गरज येथे भागत असे. वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याचे लेख अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात व जंजाळ्याजवळील घटोत्कच लेण्यात आहेत. एकाच दात्याची दोन लेणी डोंगराच्या एकाच पट्ट्यात असावीत, ही गोष्ट या प्रदेशातील वर्दळीची निदर्शक आहे.

मध्ययुग व निजामकाल : मोगल अमदानीत बुऱ्हाणपूर-औरंगाबाद हा राजमार्ग अजिंठा घाटातून जाई. घाटाच्या पायथ्याशी फर्दापूर येथे मोठी सराई असून ती औरंगजेबाच्या काळातील मानली जाते. घाटमाथ्यावरील अजिंठा गावास पहिल्या निजामाने १७२७ मध्ये तटबंदी केली. असईच्या लढाईनंतर (२३ सप्टेंबर १८०३) इंग्रजांच्या जखमी सैनिकांना अजिंठ्याच्या याच तटबंदीत ठेवण्यात आले. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याच्या भेटीनंतर लेण्यांकडे यूरोपीय अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. पुढे चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आलेल्या चित्रकारांना अजिंठा व फर्दापूर हेच मुक्कामाचे आधार होते.

निजामी राज्य व ब्रिटिश खानदेश यांची सरहद्द याच पट्ट्यातून जात असल्याने मालावर करोडगिरी (जकात) भरावी लागे. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर ही जुनी सरहद्द केवळ जिल्ह्याची हद्द म्हणून उरली.

पाचोरा-जामनेर लोहमार्ग : खानदेशातून जाणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या मुख्य मार्गास पाचोरा येथे मिळणारा हा ७६२ मिमी. रुंदीचा, सु. ५६ किमी. लांबीचा अरुंदमापी फाटा १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाला. तो सोयगाव तालुक्याच्या हद्दीबाहेरून जातो. परंतु शेंदुर्णी हे सोयगावचे व पहूर हे अजिंठा लेण्यांचे जवळचे स्थानक ठरले. अरुंदमापी मार्गास हलके रूळ व लहान पूल पुरत. वळणेही अधिक तीव्र ठेवता येत. त्यामुळे कमी भांडवलात कापूस पिकविणाऱ्या अंतर्भागापर्यंत रेल्वे नेणे शक्य झाले. याच सोईतून पुढे त्याची उणीवही निर्माण झाली. पाचोऱ्याला सर्व माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हलवावा लागे. रस्ते सुधारल्यावर मालमोटारींनी तो खर्च व वेळ वाचविला आणि मालवाहतूक रस्त्याकडे वळली. अल्प भाड्यामुळे प्रवासी वाहतूक मात्र दीर्घकाळ टिकली. वाफेच्या एंजिनांची जागा डीझेल एंजिनांनी घेतली, तरी गाडीचा संथ वेग व गावागावांशी असलेला तिचा संबंध कायम राहिला. मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत गाडी थांबली, ती पुन्हा सुरू झाली नाही. पुढे या मार्गाच्या रुंदमापी रूपांतरास व बोदवडपर्यंतच्या विस्तारास मंजुरी मिळाली.

जतनाचा प्रश्न : प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांसंबंधीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली वास्तू प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत बसू शकते. पाचोरा-जामनेर मार्गाने शंभरी गाठली आणि लगेचच तो बंद पडला. भारतातील दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) व कालका-शिमला (२००८) हे पर्वतीय लोहमार्ग जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले, ते चालू स्थितीत. त्यांचा वारसा त्यांच्या वापरातही आहे. सपाटीवरील कापूसमार्गाला असे निसर्गसौंदर्याचे पाठबळ नसते; त्याचे मोल शेतकरी, बाजार व बंदर यांना जोडणाऱ्या अर्थव्यवस्थेची साक्ष म्हणून असते. औद्योगिक वारशाविषयीच्या निझनी टागिल सनदेने (२००३) व सांस्कृतिक मार्गांविषयीच्या इकोमॉस संस्थेच्या सनदेने (२००८) ही दृष्टी मांडली आहे. तीनुसार एकेकटी वास्तू सुटी न पाहता वाट, मुक्काम व वाहन यांचा एकत्र विचार केला जातो.

अजिंठ्याला या विचाराचा एक भाग प्रत्यक्षात आला आहे. जपानच्या अर्थसाहाय्याने राबविलेल्या अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्पानंतर खासगी वाहने लेण्यांपासून सु. ४ किमी. वर फर्दापूर फाट्याजवळ थांबविली जातात व पुढचा प्रवास कमी प्रदूषण करणाऱ्या बसगाड्यांतून होतो. भित्तिचित्रांना धूर व धूळ यांपासून वाचविण्यासाठी वाहनांच्या वर्दळीस मर्यादा घालणे आवश्यक आहे, हे त्यातून मान्य झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव या १७४ किमी. लांबीच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली. तो झाल्यास अजिंठ्याचा प्रवासी पुन्हा रेल्वेने येऊ लागेल व घाटरस्त्यावरील मोटारींचा भार हलका होऊ शकेल.

रुंदमापी रूपांतराने स्थानिकांची गरज भागेल, यात शंका नाही. त्यास विरोध करून जतन साधणार नाही. तथापि रूपांतर होत असताना जुन्या स्थानकांपैकी एखादी इमारत, थोडे रूळ, एखादे एंजिन व डबे, आणि मार्गाची कागदपत्रे व नकाशे राखून ठेवणे शक्य आहे. सराई, घाट, किल्ला व लोहमार्ग यांची एकत्र नोंद झाली, तर अजिंठ्याची चित्रे पाहणाऱ्याला ती पाहण्यास लोक कोणत्या वाटेने येत गेले, हेही कळेल. रूळ उखडल्यावर ही नोंद पुन्हा करता येणार नाही.