लोणार सरोवराचा गाळ व वऱ्हाडातील पर्जन्येतिहास

वऱ्हाडाच्या दक्षिण भागात, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे बेसाल्ट खडकात अशनिपाताने निर्माण झालेले सु. १.८ किमी. व्यासाचे विवर असून त्याच्या तळाशी खाऱ्या व तीव्र क्षारधर्मी पाण्याचे सरोवर आहे. येथे काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये मिळतात, असा उल्लेख सोळाव्या शतकाच्या अखेरच्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात आढळतो. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. विवर ज्वालामुखीजन्य आहे की काय, हा वाद दीर्घकाळ चालला. आघाताच्या प्रचंड दाबाने काचरूप झालेले खनिज १९७३ मध्ये येथील खडकांत दाखविण्यात आले आणि अशनिपाताचे मत सिद्ध झाले. पुढे अभ्यासकांचे लक्ष तळाच्या गाळाकडेही वळले.

सूक्ष्मजीव मेल्यावर त्यांतील प्रथिने व शर्करा लवकर कुजतात. परंतु कोशिकापटलातील लिपिडे (मेदसदृश द्रव्ये) पाण्यात विरघळत नाहीत व ऑक्सिजनरहित गाळात हजारो वर्षे टिकतात. टेट्राहायमॅनॉल हे असेच एक लिपिड होय. ते मुख्यत्वे केसलयुक्त आदिजीव तयार करतात. ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनरहित पाण्याच्या सीमेवर हे जीव सूक्ष्मजंतूंवर जगतात. म्हणून हे द्रव्य पाणी खारे व थराथरांचे झाल्याची खूण मानले जाते. काही सूक्ष्मजंतूही ते तयार करतात. यामुळे वनस्पतींच्या पानांवरील मेणाचे अवशेष व त्यांतील कार्बन आणि हायड्रोजन यांची समस्थानिके यांचा पुरावाही जोडीला घ्यावा लागतो.

लोणारच्या सु. १० मी. लांबीच्या गाळस्तंभाचा असा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सु. १०,४०० ते ६,५०० वर्षांपूर्वीचा काळ सर्वांत पावसाळी असून विवराच्या परिसरात वृक्षांचे प्राबल्य होते. त्यानंतर गाळात टेट्राहायमॅनॉल दिसू लागते. सु. ५,१०० वर्षांपूर्वी त्याचा संचय सर्वाधिक झाला. पाणी ओसरून काठ मध्याकडे सरकल्याचे ते लक्षण होय. ४,८०० ते ४,००० वर्षांपूर्वीच्या अस्थिर काळात वृक्षांची जागा गवताने घेतली आणि त्यानंतर सरोवर कायमचे खारे झाले. सु. १,३०० वर्षांपूर्वी नील-हरित शैवलांचे अवशेष एकाएकी वाढलेले दिसतात; परिसरातील पशुपालनामुळे पाण्यात पोषकद्रव्ये वाढली असावीत, असा तर्क आहे.

अमरावती व अकोला या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांतील शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून आहे, तर पर्जन्यमापनाच्या नियमित नोंदी एकोणिसाव्या शतकापलीकडे जात नाहीत. अवर्षण हा येथे केवळ एखाददुसऱ्या वर्षाचा प्रश्न नसून मोसमी पाऊस शतकानुशतके क्षीण राहू शकतो, हे या गाळावरून कळते. 

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण लवणप्रिय आर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचे दाखविले. त्यांची लिपिडे अधिकच टिकाऊ असतात. त्याच वर्षी सरोवराला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. सांडपाणी वा गोड्या पाण्याचा ओघ वाढल्यास पाण्याची क्षारता व त्यातील जीवसृष्टी बदलते आणि हा बदलही गाळात नोंदला जातो. सरोवराचे रक्षण म्हणजे या प्रदेशाच्या प्राचीन पर्जन्यनोंदीचेही रक्षण होय.