चिगॉरिन–स्टाइनिट्स तार-सामना
तारायंत्राने चाली कळवून १८९०-९१ मध्ये खेळला गेलेला दोन डावांचा बुद्धिबळ सामना. जगज्जेता व्हिल्हेल्म स्टाइनिट्स (१८३६–१९००) हा न्यूयॉर्कहून, तर रशियन खेळाडू मिखाईल चिगॉरिन (१८५०–१९०८) हा सेंट पीटर्झबर्गहून चाली पाठवीत असे. हवाना येथे १८८९ मध्ये जगज्जेतेपदाच्या सामन्यात चिगॉरिनचा पराभव झाला होता. तथापि त्याच वर्षीच्या द मॉडर्न चेस इन्स्ट्रक्टर ह्या ग्रंथात स्टाइनिट्सने पुरस्कारिलेले दोन चालक्रम सदोष आहेत, असे त्याचे मत होते. त्यांच्या कसोटीसाठीच हे डाव योजण्यात आले.

पांढरी मोहरी घेऊन चिगॉरिनने खेळलेला डाव ‘इव्हॅन्झ गँबिट’ ह्या प्रारंभाचा होता. ह्यात पांढरा चौथ्या चालीस वजिराच्या बाजूचे एक प्यादे देऊ करतो आणि काळ्याचा उंट ते मारण्यात गुंतला असता पटाचा मध्य काबीज करू पाहतो. काळ्याने चिवट बचाव केल्यास अधिकचे प्यादे अखेरीस निर्णायक ठरते, अशी स्टाइनिट्सची धारणा होती. त्यानुसार सहाव्या चालीस त्याने वजीर पुढे काढला. परंतु पांढऱ्या प्याद्यांच्या रेट्यामुळे तेराव्या चालीअखेर तो वजीर स्वतःच्या मागील ओळीत परतला. एक घोडा पटाच्या कडेला, तर दुसरा मागील ओळीत अडकला आणि राजा किल्लेकोटाविना मध्येच राहिला. चौदाव्या चालीस आणखी एक प्यादे बळी देऊन चिगॉरिनने काळ्याची वजिराकडील बाजू जखडून टाकली व पुढे डाव जिंकला. तो चालू असतानाच, जानेवारी १८९१ मध्ये, न्यूयॉर्क येथील जगज्जेतेपदाच्या सामन्यातील एका डावात इझिडोर गुन्झबर्गने ह्याच चालक्रमाने स्टाइनिट्सला हरविले.

‘दोन घोड्यांचा बचाव’ ह्या प्रारंभाच्या दुसऱ्या तार-डावात काळी मोहरी घेऊन चिगॉरिनच विजयी झाला. अशा खेळात विचारास पुरेसा अवधी मिळत असल्याने हा पराभव घाईचा किंवा थकव्याचा मानता येत नव्हता. त्यामुळे सिद्धांताच्या परीक्षेचे महत्त्व त्यास आले. हवाना येथे १८९२ मध्ये उभयतांची पुन्हा गाठ पडली. १० डाव जिंकून, ८ हरून व ५ बरोबरीत सोडवून स्टाइनिट्सने जगज्जेतेपद राखले.

इव्हॅन्झ गँबिटमधील स्टाइनिट्सचा बचाव पुढे मागे पडला. दुसऱ्या डावात त्याने घोडा पटाच्या कडेला नेण्याची जी चाल केली होती, ती मात्र बॉबी फिशरने १९६३ मध्ये पुन्हा यशस्वीपणे योजिली.