तुकाराम होण्याआधीचा तुकाराम

परवा नातू पुण्याहून आला होता. त्याच्या लॅपटॉपवर आम्ही दोघांनी चंद्रकांत कुलकर्णी यांचा २०१२ सालचा ‘तुकाराम’ पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नाराज होऊन उठलो होतो, हे घरच्या मंडळींना ठाऊक आहेच!

माझ्या पिढीचा तुकाराम म्हणजे ‘प्रभात’चा. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ आणि त्यातले विष्णुपंत पागनीस. मुंबईत तो वर्षाच्या वर चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला, हे सगळे मी नंतर वाचले. पाहिला तो लहानपणी, तेल्हाऱ्यात आलेल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत, आजीच्या मांडीला टेकून. पागनीस दिसले की आजी हात जोडायची. शेवटी विमान वर गेले तेव्हा तंबूतल्या बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. अशा माणसाला दुसरा तुकाराम दाखवणे सोपे नव्हे.

‘प्रभात’चा तुकाराम पहिल्यापासूनच विठ्ठलात बुडालेला. नव्या चित्रपटाने त्याच्या आधीचे दिवस घेतले. लहानपण, बोल्होबांचे दुकान, सावकारी, पहिली बायको रखमा, दुष्काळ. हल्ली याला ‘प्रिक्वेल’ म्हणतात. हा काही रीतसर प्रिक्वेल नव्हे, पुढची कथाही त्यात आहे, पण त्याचा जीव मला तरी पूर्वार्धातच वाटतो.

परीक्षणांत जितेंद्र जोशीचे कौतुक झाले. चमत्कारांपेक्षा माणूस दाखवला हेही अनेकांना आवडले. लांबीबद्दल कुरकुर झाली, आणि ‘प्रभात’शी तुलना तर ठरलेलीच! आमच्याकडचे परीक्षण मात्र शेजारच्या काकूंनी एका वाक्यात केले होते. अर्धा सिनेमा झाल्यावर त्या म्हणाल्या, “काहून बावा, ह्याचा तुकाराम कधी होईन?”

मी तेव्हा हसलो, पण माझीही तक्रार तीच होती.

गंमत म्हणजे त्याच जून महिन्यात तिकडे रिडली स्कॉटचा ‘प्रोमेथियस’ आला, त्याच्याच १९७९ च्या ‘एलियन’च्या आधीची गोष्ट सांगणारा. नातू म्हणाला, “आजोबा, ‘एलियन’मधला तो मेलेला अवाढव्य प्राणी कोण, हे माहीत नव्हतं त्यातच मजा होती. उलगडा केला आणि बरेच चाहते हिरमुसले.” असेल. पण आपल्याकडे लपवलेले काहीच नव्हते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात दिवाळे निघाले, एक बायको अन्नावाचून गेली, हे तुकोबांनी स्वतःच अभंगांत सांगून ठेवले आहे. मी चौथी-पाचवीच्या वर्गांना तुकाराम वर्षानुवर्षे शिकवला. त्यात गाथा तरली, विमान आले. दुष्काळावर मी एखादे वाक्य बोलून पुढे जात असे.

वास्तविक दुष्काळ मला परका नव्हता. १९७२ साली माझी नोकरी नवी होती, आणि बाबांनी तीन एकर गहाण टाकले होते. सावकाराचे नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडे आज चांगली माणसे आहेत. रात्री आई ज्वारी मोजायची तेव्हा आम्ही झोपेचे सोंग घ्यायचो, कारण मोजताना कोणी पाहिलेले तिला आवडत नसे.

या वेळी दुष्काळाचा भाग आला तेव्हा मी नातवाला थांबायला सांगितले. पाणी पिऊन आलो आणि मग पुढचे पाहिले. तुकोबांनी आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, धाकट्या भावाची त्याला दिली, ही परंपरेतली कथा. ती मी कीर्तनांत कितीदा ऐकली! पण ऐकताना माझे लक्ष नेहमी कागद बुडवणाऱ्याकडे असे. ज्यांच्या नावाचे ते कागद होते त्यांच्या घरी त्या रात्री काय बोलणे झाले असेल, हे कधी सुचले नाही.

चित्रपट निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. लांबी खटकतेच. राधिका आपटेची आवली चांगली आहे, पण ‘प्रभात’मधल्या गौरीबाईंची जिजाई माझ्या डोक्यातून हलत नाही. आणि पागनीस ते पागनीसच, त्याला इलाज नाही.

असो. आमचे गहाणखत १९७९ साली सुटले. कागद हातात आल्यावर आई म्हणाली, “टाका नदीत.” बाबांनी घडी घालून तो पेटीत ठेवला. परवा नातवाला दाखवायला काढला, तर त्याने आधी वरची तारीख वाचली आणि मग बाबांचा अंगठा बघत बसला.