पन्नास मीटर आणि पंधरा वर्षे

५० मीटर फ्रीस्टाइल ही जलतरणातील सर्वांत छोटी शर्यत. ऑलिंपिकमध्ये ती १९८८ च्या सोलपासून आजच्या रूपात खेळली जाते. ५० मीटरच्या तलावात भिंतीला टेकून वळण्याचा प्रश्न येत नाही. उडीनंतर पाण्याखाली जास्तीत जास्त १५ मीटर जाता येते आणि पुढे श्वासासाठी मान वळवली तरी वेळ जातो.

पंचगंगेकाठचे कोल्हापूर असो की उल्हास नदीकाठचे शहाड, नदी आणि विहीर याच महाराष्ट्रातील पोहण्याच्या जुन्या शाळा. पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून पोर पाण्यात उतरवले जाई. त्या पोहण्यात दम आणि धीर महत्त्वाचा होता. वेगाच्या शर्यतीला मात्र मोजलेला तलाव, घड्याळ आणि रोजचा सराव लागतो. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकले. पण त्यानंतर छोट्या अंतरांत भारताला सातत्य राखता आले नाही.

ही उणीव भरून काढण्यात मोठा वाटा कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचा. जन्म २९ ऑगस्ट १९९१. बेंगळुरूत निहार अमीन यांच्या मार्गदर्शनाखाली ते घडले आणि वयाची १७ वर्षे पुरी होण्याआधीच २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये उतरले. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंदांत कांस्य मिळवले. १९८६ मध्ये खजान सिंग यांनी रौप्य जिंकले होते. त्यानंतर २४ वर्षांनी भारताला आशियाई स्पर्धेतील जलतरणात पदक मिळाले. २०११ मध्ये खाडे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

पुढे राज्य शासनाने त्यांना तहसीलदारपदी नेमले. मालवणसारख्या ठिकाणी तालुक्याचा कारभार सांभाळताना सराव मागे पडला. नोकरीने खेळाडूला स्थैर्य येते, पण वेगाला रोजचे पाणी लागते. खंड पडला की पहिल्यांदा वेगच जातो. तरीही ते तलावात परतले.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्राथमिक फेरीत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत त्यांना २२.४७ सेकंद लागले, तर जपानच्या शुनिची नाकाओने २२.४६ सेकंदांत कांस्य नेले. या वेगाने सेकंदाच्या शंभराव्या भागात जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर अंतर कापले जाते. पदक तेवढ्याने हुकले; पण वयाच्या सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, एवढ्या खंडानंतर आलेली प्राथमिक फेरीतली २२.४३ सेकंद ही कारकिर्दीतील सर्वोत्तम वेळ होती, आणि म्हणून ती पदकाइतकीच मोलाची आहे.

२०२० मध्ये टाळेबंदीत तलाव बंद पडले, तेव्हा निवृत्तीचा विचार त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवला, पण पोहणे सोडले नाही. २०२३ च्या गोवा राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्यांनी महाराष्ट्राकडून ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकले. महिलांच्या याच शर्यतीत त्यांच्या पत्नी ऋजुता खाडे पहिल्या आल्या. त्याच स्पर्धेत वीरधवल यांनी निवृत्ती जाहीर केली.