बूकचा माग

युक्रेनमधल्या निप्रोपेत्रोव्स्कच्या हवाई नियंत्रकाची 17 जुलै 2014 ची रेडिओ नोंद वाचताना सुरुवातीला काहीच खटकत नाही. वेळा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेतल्या आहेत. जमिनीवर तेव्हा दुपारचे सव्वाचार उलटून गेले होते. 13:19:53 ला नियंत्रक ‘मलेशियन 17’ ला, म्हणजे मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच17 या विमानाला, सांगतो, की इतर वाहतुकीमुळे सरळ आरएनडी या बिंदूकडे जा. तीन सेकंदांनी वैमानिक रिवाजाप्रमाणे सूचना परत उच्चारतो. 13:20:00 ला नियंत्रक पुढचा मार्ग सांगायला लागतो. त्याला उत्तर मिळत नाही. 13:20:03 ला विमानातले दोन्ही रेकॉर्डर बंद पडलेले असतात.

कॉकपिटच्या रेकॉर्डरवर धोक्याची घंटा नाही, घाबरलेला शब्द नाही. अगदी शेवटच्या 20 मिलिसेकंदांत आवाजाची दोन शिखरं मात्र आहेत, आणि त्यातलं दुसरं 2.3 मिलिसेकंदांचं. हा आवाज चार मायक्रोफोनवर किंचित वेगवेगळ्या वेळी पोचला होता. डच सेफ्टी बोर्डाच्या तज्ज्ञांनी तो फरक मोजून दाखवलं, की आवाज विमानाच्या बाहेरून, कॉकपिटच्या डाव्या-वरच्या बाजूने आला. त्या बोइंग 777 मध्ये 298 माणसं होती. कोणीही वाचलं नाही.

बोर्डाचा अंतिम अहवाल 13 ऑक्टोबर 2015 चा. त्यासाठी खिल्झे-रायन इथल्या हवाई तळावर विमानाचा पुढचा भाग सांगाड्यावर तुकडा तुकडा जोडून उभा केला होता. सापडलेल्या पत्र्यांवर 350 हून जास्त छिद्रं मोजली गेली. न सापडलेला भाग धरून हा आकडा 800 च्या वर जातो, असा अंदाज आहे. कॉकपिटचे अवशेष आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचे मृतदेह यांतून निघालेल्या पोलादी कणांपैकी चारांचा आकार स्पष्ट ओळखू येत होता: दोन चौकोनी आणि दोन मधे निमुळते, डमरूसारखे. काहींच्या अंगावर कॉकपिटच्या काचेचा सूक्ष्म थर होता. म्हणजे ते काच फोडून आत शिरले होते. डमरूच्या आकाराचे कण असलेलं वॉरहेड 9एन314एम. सुमारे 70 किलोचं हे वॉरहेड बूक यंत्रणेच्या क्षेपणास्त्रावर बसतं.

बूक ही सोव्हिएत काळात तयार झालेली फिरती विमानविरोधी यंत्रणा. पूर्ण तुकडीत शोध-रडारची गाडी, आदेश-गाडी आणि प्रक्षेपक गाड्या असतात. पण चार क्षेपणास्त्रं आणि स्वतःचं रडार बाळगणारी प्रक्षेपक गाडी एकटीही मारा करू शकते. एकटी असली की तिला आकाशाचा अरुंद पट्टाच दिसतो. समोरचं विमान आपलं आहे का, एवढं ती विचारू शकते. उत्तर आलं नाही म्हणून ते शत्रूचंच, असं होत नाही. 14 जुलैला पूर्व युक्रेनच्या याच भागात युक्रेनचं लष्करी विमान एएन-26 पाडलं गेलं, आणि त्याच दिवशी 32,000 फुटांखालची हवाई हद्द बंद केली गेली. एमएच17 33,000 फुटांवर होतं. बूक याच्या दुप्पट उंची सहज गाठतं. 17 जुलैला हद्द पूर्ण बंद होईपर्यंत 160 प्रवासी विमानं तिथून गेली, आणि एमएच17 वर मारा झाला त्या क्षणी त्याच भागात एअर इंडियाचं दिल्ली-बर्मिंगहॅम विमानही होतं.

अशा गाडीची सगळी भिस्त हलतं राहण्यावर: मारा करायचा आणि शत्रू नेम धरायच्या आत जागा सोडायची. पण ती चालते साखळीवर, आणि डांबरी रस्त्यावर साखळीने लांबचा पल्ला मारणं ना गाडीला परवडतं, ना रस्त्याला. म्हणून ती ट्रेलरवर चढवावी लागते. पांढरा व्होल्वो ट्रक, मागे लाल लोबेड, त्यावर जाळी टाकलेली हिरवी गाडी हे दृश्य 17 जुलैला दोनेत्स्क, झुह्रेस, तोरेझ, स्निझ्ने या गावांतून भरदिवसा गेलं. लोकांनी फोटो काढले, व्हिडिओ घेतले. लपण्यासाठी बनवलेली गाडी दिवसभर गावोगावी दिसत राहिली, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा तोच आहे. स्निझ्नेच्या दक्षिणेला ती ट्रेलरवरून उतरून स्वतःच्या साखळीवर चाललेली दिसते. रात्रीनंतर लुहान्स्कमध्ये घेतलेल्या चित्रफितीत ती परत ट्रेलरवर आहे, पण एक क्षेपणास्त्र कमी आहे.

फोटो खोटे असू शकतात, हे तपास करणाऱ्यांनीही गृहीत धरलं होतं. म्हणून सावल्या, ठिकाणं, टॉवरवरच्या फोन-नोंदी आणि टेप केलेली संभाषणं एकमेकांवर ठेवून तपासली गेली. 2018 च्या मे महिन्यात आंतरराष्ट्रीय संयुक्त तपास पथकाने जाहीर केलं, की ही गाडी रशियाच्या कुर्स्क इथल्या 53 व्या विमानविरोधी ब्रिगेडची होती. आधार होता तो बारीक खुणांचा: बाजूच्या पट्टीची झीज, पांढरी चिन्हं, 3 आणि 2 यांच्यामधला पुसलेला अंक. त्याच खुणा जूनअखेरीस रशियातून सीमेकडे गेलेल्या ताफ्यातल्या गाडीवरही होत्या.

रशियाकडची कागदपत्रंही वाचायला हवीत. पण ती एका रांगेत लावली, की अडचण दिसते. 21 जुलै 2014 च्या पत्रकार परिषदेत जवळ युक्रेनचं लढाऊ विमान होतं असं सुचवलं गेलं. जून 2015 मध्ये बूक बनवणाऱ्या अल्माझ-अँतेने क्षेपणास्त्र 9एम38एम1 होतं आणि ते झारोश्चेन्स्के गावाजवळून सुटलं, असं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीने ते जुनं 9एम38 होतं, डमरू-कण नसलेलं, असं म्हटलं. 2018 मध्ये संरक्षण मंत्रालयाने क्रमांकांच्या वह्या दाखवून ते 1986 साली बनलं आणि युक्रेनमधल्या तुकडीला गेलं, असा दावा केला. साक्षीदार जबानी बदलतो तेव्हा शेवटची जबानी आपोआप खरी ठरत नाही.

17 नोव्हेंबर 2022 ला हेगच्या जिल्हा न्यायालयाने निकाल दिला: क्षेपणास्त्र पेर्वोमायस्की गावाजवळच्या शेतातून सुटलं. रशियाच्या बाजूने लढणाऱ्या फुटीरतावाद्यांपैकी चौघांवर खटला होता; त्यातल्या गिर्किन, दुबिन्स्की आणि खार्चेन्को यांना गैरहजेरीत जन्मठेप झाली. पुलातोव निर्दोष सुटला. बटण दाबणाऱ्यांना ते लष्करी विमान वाटलं असेल, ही शक्यता न्यायालयाने नाकारली नाही. पण आरोपी कायदेशीर सैनिक नव्हते, तेव्हा त्या गैरसमजाने गुन्हा कमी होत नाही, असं म्हटलं.

गाडीतल्या माणसांची नावं मात्र निकालात नाहीत. 8 फेब्रुवारी 2023 ला तपास पथकाने काम थांबवताना सांगितलं, की बूक पुरवण्याला पुतिन यांची संमती असल्याचे ठळक संकेत आहेत, पण खटला उभा राहील इतका पुरावा नाही.